चार बोटांची परवानगी

७ मार्च, सकाळ

मागच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या बदलायच्या. निर्णय झाला. लाकूड फुगून बसलंय. एक खिडकी बंद होत नाही आणि दुसरी उघडत नाही. मधल्या भिंतीवर बुरशीचा काळा डाग. मागच्या वर्षी ताटाएवढा होता, आता छत्रीएवढा झालाय. इथली हवा बारा महिने दमट. सकाळी वाळत टाकलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला निघतो.

हिचा खोकला त्या खोलीतच वाढतो. ही तिथं बसून अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचते आणि मोबाईलवर रेकॉर्ड करते. सध्या नागरिकशास्त्र चालू आहे. मुलांची परीक्षा जुलैत. खोकल्यामुळे एकेक पान पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खोली कोरडी करा, आणि पाऊस लागायच्या आत करा.

म्हणजे मेअखेर. भरपूर वेळ आहे. हिला म्हटलं, तू फक्त वाचत राहा, खिडक्यांचं माझ्यावर सोड. ही काही बोलली नाही. विश्वास.

९ मार्च

रजा टाकून बांधकाम परवानगी विभागात गेलो. स्वतः पाणीपुरवठा खात्यात नळजोडणीचे अर्ज तपासतो, त्यामुळे सरकारी काउंटरची भीती नाही. उलट माहेरी आल्यासारखं वाटलं. फायलींचा तोच वास.

काउंटरवर जाड चष्म्याचा माणूस. त्याला सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, खिडकी आहे त्याच मापाची बसवणार असाल तर परवानगी लागत नाही, जा, बदलून टाका.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं नोकरी केली, पण परवानगी लागत नाही असं काम ऐकलं नाही. म्हटलं, तसं लेखी द्या. तर म्हणतो, लागत नाही त्याचं लेखी देण्याची पद्धत नाही. माणूस नवखा दिसतो. उद्या कोणी तक्रार केली तर हा चष्मा पुसत बसेल आणि मी अडकेन.

१० मार्च

रात्रभर तळमळलो. पहाटे उपाय सुचला. खिडक्या चार बोटं रुंद करायच्या. माप बदललं की परवानगी लागते. परवानगी लागली की मिळते. मिळाली की माणूस निर्धास्त.

हिनं विचारलं, आहे ती खिडकी काय वाईट, मोठी कशाला? म्हटलं, उजेड. ही म्हणाली की उजेड नको आहे, कोरडी भिंत हवी आहे. बायकांना दूरचं दिसत नाही.

१५ मार्च

खिडकीवाला येऊन माप घेऊन गेला. गप्पिष्ट माणूस, प्रत्येक वाक्याच्या शेवटी होऊन जाईल म्हणतो. लाकूड नको, फुगतं. लोखंड नको, गंजतं. ॲल्युमिनियम घ्या, होऊन जाईल.

नमुन्याची चौकट दाखवली. खालच्या पट्टीला दोन भोकं! बरं झालं मी बारकाईनं बघतो. म्हटलं, हा डिफेक्ट आहे, बदलून आणा. तो म्हणाला, साहेब, पावसाचं पाणी पट्टीत साचू नये म्हणून असतात. म्हटलं, मी पाणीपुरवठ्यातला माणूस आहे, भोकातून पाणी आत येतं, मला शिकवू नका. भोकं बुजवून आणा. तो हिच्याकडे बघून मान हलवत गेला.

हिचं म्हणणं, वर एक छोटी जाळीही हवी. स्वयंपाकघरातली वाफ, धुतलेले कपडे, आंघोळीची वाफ, हे सगळं बाहेर जाणार कुठून? मी समजावलं. हवाबंद खिडकी, डबल काच. बाहेरची हवा आत आलीच नाही तर दमटपणा येईल कुठून? साधं लॉजिक आहे. ही हसली. पटलं असावं.

२२ मार्च

अर्ज दाखल! अनुक्रमणिका, फ्लॅग, तीन रंगांच्या नाड्या. नकाशा स्वतः काढला. भिंतीवरची बुरशीसुद्धा हिरव्या रंगात दाखवली. चष्मेवाल्यानं फाईल हातात घेतली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली. म्हणाला, खिडक्याच आहेत ना?

घरी येऊन हिला लगेच सांगितलं. ही रेकॉर्डिंग करत होती, त्यामुळे कुजबुजूनच बोललो. हिनं बोट ओठांवर ठेवलं आणि वाचत राहिली. मीही पूर्ण माहिती देऊनच बाहेर आलो. अर्धवट माहिती देणं माझ्या स्वभावात नाही.

४ एप्रिल

अर्ज परत. नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नाही.

वाह. खोटं कशाला बोलू, वाचून अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत मला ही हरकत सुचली नाही. नळाला उत्तर दिशा नसते असं मी धरून चाललो होतो. चष्मेवाल्याबद्दलचं मत बदललं. उद्यापासून आमच्याकडेही दिशा मागणार.

ही म्हणाली, मग आता बाण काढा आणि द्या ना परत. एवढं सोपं असतं तर मी निरीक्षक झालो असतो. आधी होकायंत्र हवं.

१४ एप्रिल

होकायंत्र मिळालं नाही. मोबाईलमध्ये असतं म्हणे, पण माझा साधा बटणांचा आणि हिचा रेकॉर्डिंगला लागलेला. दार ढकलून मागितला. हिनं मान हलवली. आत उभा राहून मग बाणाचं महत्त्व सांगितलं. ही मधेच खोकायला लागली आणि पुस्तक मिटून बसून राहिली. डोळ्यांत पाणी. खोकल्यानं येतं तसं.

पूर्वी असं झालं की ही ते पान पुन्हा वाचायची. आता म्हणते, राहू दे, असंच जाऊ दे, घसा उरला पाहिजे.

मलाही वाईट वाटलं. ताबडतोब नोंद केली: अर्जदाराच्या पत्नीस खोकला, निकड सिद्ध. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडणार.

२० एप्रिल

फाईल पुन्हा तयार. घरातल्या सहमालकाचं ना हरकत पत्र लागतं, म्हणजे हिचं. हिला म्हटलं, लिही. हिनं एका ओळीत लिहिलं की खिडक्यांना माझी हरकत नाही, फक्त लवकर करा. सही केली.

तारीख नाही. विषय नाही. संदर्भ नाही. नाइलाजानं परत केलं. हिनं तो कागद घेतला, चार तुकडे केले आणि जेवायला वाढलं. दुसरं पत्र मीच लिहिलं, हिनं न वाचता सही केली. सुधारणा आहे.

२८ एप्रिल

अर्ज पुन्हा दाखल. चष्मेवाला आता मला पाहून उठून उभा राहतो. दोन कर्तबगार माणसांना एकमेकांची किंमत कळायला वेळ लागत नाही.

मेव्हणीचा फोन. हिची धाकटी बहीण. दोन खोल्यांत राहते, पण घर उन्हात आहे, वारा खेळता आहे. म्हणाली, ताईला महिनाभर पाठवा, आवाज बसलाय तिचा. मी सांगितलं की प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. मेव्हणीनं विचारलं की अंतिम म्हणजे कोणाचा? फटकळ आहे.

६ मे, रात्र

मंजुरी आली!!

शिक्का, सही, गोल मोहोर, सगळं जागच्या जागी. ऑफिसातूनच खिडकीवाल्याला फोन लावला. म्हटलं, आजच्या आज जुन्या खिडक्या काढा, नवीन उद्या आणा. तो म्हणाला, होऊन जाईल. संध्याकाळी घरी आलो तर भिंतीला दोन भगदाडं आणि समोरच्या घरातल्या आजी थेट आमच्या पलंगाकडे बघतायत. त्यांना हात केला. आनंदाचा दिवस.

हिनं खोलीत उभं राहून मोठा श्वास घेतला. फार दिवसांनी चेहरा सैल दिसला. मला म्हणाली, जमवलंत तुम्ही. आत कुठंतरी बरं वाटलं. रोज म्हणत नाही.

७ मे

सकाळी मंजुरीपत्र शांतपणे वाचलं.

‘तीन खिडक्या’ लिहिलंय. आमच्या दोन आहेत.

हिला दाखवलं. ही म्हणाली, एक जास्त दिलीय, कमी तर नाही ना? बसवून टाका. खिडकीवाला नव्या चौकटी टेम्पोत घालून दारात उभा. तोही तेच म्हणाला. दोघांनी मिळून मला कोंडीत पकडलं.

पण मी डगमगलो नाही. जो माणूस लोकांच्या अर्जातला काना-मात्रा सोडत नाही, त्यानं स्वतःच्या घरात आख्खी खिडकी जास्तीची ठेवायची? कोणत्या तोंडानं? टेम्पो परत पाठवला. मंजुरीपत्र दुरुस्तीसाठी परत केलं.

चष्मेवाल्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, अहो, कोण मोजायला येणार होतं? बसवून मोकळे झाला असतात. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती. म्हणाला की आता मूळ मंजुरी रद्द धरावी लागेल, दुरुस्त होऊन येईपर्यंत काम करता येणार नाही. म्हटलं, बरोबर आहे, मीही हेच केलं असतं.

ही आज माझ्याशी बोलली नाही. खिडकीवाल्याशी मात्र जिन्यात बराच वेळ बोलत होती.

१६ मे

भगदाडांना प्लॅस्टिक लावलंय. वारा आला की फडफडतं. ही वाचते लोकशाहीबद्दल आणि मागे नुसती फडफड. कबुतरं आत येतात. एक कपाटावर राहायला आलंय. परवानगी न घेता.

हिला धीर द्यायला मी रोज ऑफिसातून आल्यावर आत डोकावून परिस्थिती सांगतो. दुरुस्ती टेबलावर आहे. दुरुस्ती टेबलावरून उठली. दुरुस्ती मोठ्या साहेबांकडे आहे, साहेब लग्नाला गेलेत. ही मान वर न करता वाचत राहते. चिकाटी दांडगी आहे. माझ्याकडूनच घेतली असणार.

३ जून

पाऊस लागला. प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून सुटलं आणि गादी भिजली. भिंतीवरचा डाग आता छतापर्यंत.

हिला रात्रीपासून धाप. एक वाक्य पुरं होत नाही. सकाळी मेव्हणी रिक्षा घेऊन आली. काही न विचारता हिची बॅग भरली, पुस्तक आणि मोबाईलही घेतला. मी म्हटलं, दोनच दिवसांत दुरुस्ती येईल. मेव्हणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी प्लॅस्टिक धरून ठेवण्याच्या कामाला लागलो.

रिक्षात बसताना ही म्हणाली, गॅस बंद करत जा. मी ठरवलं, हिची तात्पुरती बदली समजायची.

९ जून

अंडी उकडली. भात केला. भात अंड्यापेक्षा कडक.

घरात कोणी खोकत नाही. शांतता आहे. ही शांतता मला का बरं आवडत नाही? डाव्या कुशीवर वळलं की हिची बाजू दिसते, म्हणून उजव्या कुशीवर झोपतो. तिकडे कबुतर दिसतं.

फोन केला. मेव्हणीनं उचलला. ताई वाचतेय, मागच्या दोन दिवसांत सलग तीन धडे झाले, खोकला जवळजवळ नाही, म्हणाली. आनंद झाला. इतका झाला की फोन ठेवल्यावर गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आलो.

१७ जून

विभागाचं पत्र. दुरुस्तीच्या पडताळणीसाठी उद्या मूळ कागदांसह हजर राहावे. चला! म्हणतात ना, सबुरी लागते. हिला फोन करून सांगितलं. दिवसभर बसावं लागेल का, असं हिनं विचारलं. म्हटलं, नक्कीच. ही म्हणाली, छान, डबा घेऊन जा. इतक्या गोड आवाजात बोलली की जुने दिवस आठवले.

१८ जून, संध्याकाळ

आजची नोंद सविस्तर.

दिवसभर बाकावर बसलो. चार वाजता चष्मेवाला म्हणाला, साहेब आले नाहीत, पत्र पोस्टानं येईल. बाहेर धो धो. भिजत घरी आलो तर मागच्या खोलीत खिडक्या.

दोन. बसवलेल्या. काचा पुसलेल्या. ही, मेव्हणी आणि खिडकीवाला चहा पीत बसलेले. काम होऊन झाडून-पुसूनही झालं होतं. कबुतर गेलं होतं.

माप घेतलं. जुनं माप! चार बोटं कुठंच नाहीत. वर हिची जाळी. खाली पट्टीला भोकं, आणि त्यातून पावसाचं पाणी गुपचूप बाहेर गळत होतं. खिडकीवाला म्हणाला की या चौकटी हिनं मे महिन्यातच त्याच्याकडे करून ठेवायला सांगितल्या होत्या, पण मी रोज दुपारी जेवायला घरी येतो, त्यामुळे सलग मोकळा दिवस मिळत नव्हता.

मी विचारलं, परवानगी? ही म्हणाली, आहे त्या मापाला लागत नाही असं तुमच्याच चष्मेवाल्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? तुमची चार बोटं तेवढी वगळलीत.

मग आत येऊन स्वतःच्या घराविरुद्ध तक्रारीचा मसुदा केला. हिनं तो बघितला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

२९ जून

हिचं नागरिकशास्त्र पूर्ण झालं. शेवटचे धडे घरीच वाचले, मी ऑफिसात असताना, एका दमात. भिंत वाळतेय. डाग आक्रसून पुन्हा ताटाएवढा.

शांतपणे विचार करता हे माझ्याच नियोजनाचं फळ आहे. मेअखेर म्हटलं होतं, जूनमध्ये झालं. सरकारी कामात याला वेळेआधी म्हणतात. जाळीची कल्पनाही मी नाकारली म्हणून हिच्या मनात पक्की झाली.

१५ जुलै

दुरुस्त मंजुरीपत्र आलं. ‘दोन खिडक्या’. उत्तर दिशा. चार बोटं वाढीव रुंदीस मान्यता. एकही चूक नाही. तीनदा वाचलं. असा निर्दोष कागद आयुष्यात पाहिला नाही. आणि मान्यता ज्या खिडक्यांना आहे त्या खिडक्या नाहीत.

फ्रेम करून आणलं. मागच्या खोलीत लावायला गेलो. ही म्हणाली, त्या भिंतीवर काही लावू नका, तिला वाळू द्या. चपलांच्या कपाटावर लावलंय.

६ ऑगस्ट

शाळेच्या बाई घरी आल्या. हिच्या रेकॉर्डिंगवर मुलांनी परीक्षा दिली, निकाल चांगला लागला, सगळ्यांनी आभार सांगितलेत. हिचा चेहरा उजळला. मीही बसलो होतो, आभारात घराचा वाटा असतो.

बाई जरा अडखळल्या. म्हणाल्या, मुलांच्या दोन शंका आहेत. पुस्तकात मधेमधे एक गृहस्थ कुजबुजतात ते कोण? चौथ्या धड्यात ते म्हणतात अर्ज दाखल झाला. सहाव्यात त्यांना होकायंत्र हवं असतं. नवव्यात कोणी साहेब लग्नाला गेलेले. मुलांना वाटलं तो पुस्तकाचाच भाग आहे. शासन कसे चालते या प्रश्नाला एका मुलीनं उत्तर दिलं की उत्तर दिशा दाखवली नाही तर अर्ज परत येतो. तपासणाऱ्यांनी पूर्ण मार्क दिले.

मी म्हटलं, मुलगी हुशार आहे.

दुसरी शंका, बाई म्हणाल्या, खोकल्याची. मुलांना फार काळजी लागली होती. प्रत्येक धड्यात खोकला वाढायचा, तो कोणता, ओला की कोरडा, हे ती आपसात ओळखायची. एकदा तर दोन मुलं वाचणाऱ्या मावशींना मध पाठवा म्हणून मागे लागली. मग अकराव्या धड्यापासून खोकला एकदम थांबला. मुलांनी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि कारण शोधून काढलं. अकराव्या धड्यापासून ते गृहस्थही बोलत नाहीत. म्हणजे ते घरातून गेले आणि मावशी बऱ्या झाल्या. हे बरोबर आहे का, तेवढं विचारायला सांगितलंय.

अकरावा धडा मेव्हणीच्या घरी वाचलेला. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर ही हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली. बाईही हसल्या. ही किती तरी वेळ हसत होती आणि मधे एकदाही खोकली नाही.

बाई गेल्यावर हरकत लिहायला कागद काढला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, तारीख टाकली. मुलांचा निष्कर्ष ओळीनं तपासला. पुरावे जोडलेले आहेत, क्रम बरोबर आहे, गृहस्थ बोलायचे तेव्हा खोकला होता आणि बोलायचे थांबले तेव्हा नव्हता.

माझ्या टेबलावरून आजवर एकही कागद पहिल्या फेरीत सुटलेला नाही. मुलांचा हा सुटला. हिला विचारलं, मुलांना काय कळवू? ही म्हणाली, कळवायचं काही नाही, मी आत वाचायला बसतेय, दार ओढून घ्या. ओढून घेतलं, बाहेरून.